जरा बाजूला व्हा

परवा रामबागेतून निघालेल्या वरातीत मला जे ऐकावे लागले, ते अजून कानांतून उतरलेले नाही. मी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा माणूस आहे. इंदुरात मात्र मला सगळे 'घोडीवाले' म्हणतात, आणि तेही लगाम माझ्या हातात असेपर्यंतच.

नवरदेव कसाबसा रिकिबीत पाय टाकून चढला आणि फेटा सावरत त्याचे मामा अवतरले. होळकरांच्या शहरात जन्मल्यामुळे अश्वविद्या आपल्या रक्तातच उतरली आहे, अशा थाटात ते मल्हाररावांच्या घोडदळाविषयी बोलू लागले, आणि तेही घोडीच्या बरोबर मागे उभे राहून. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण शेपटीमागचे दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पाहुण्याचे स्वागत तो लाथेने करतो, हे मी नम्रपणे सुचवले.

"आम्हाला शिकवू नका!"

१७६१ साली मल्हाररावांनी पानिपतावरून माघार घेतली होती. त्यांचा तेवढा गुण मात्र मामांनी उचललेला नव्हता. जागा न सोडता त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे अख्खे ताट मागवले. शकुनाची मूठभर डाळ मी देऊ दिलीच होती. पण घोड्याला उलटी करता येत नाही, आणि असे जास्तीचे खाणे पोटशूळ होऊन त्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून मी ताट अडवले.

"खातेय घोडी, आणि पोटात तुमच्या का दुखतंय?"

वऱ्हाड खदखदून हसले. मलाही हसावे लागले, कारण पैसे मिळायचे होते.

मग फोटो आले. "घोडीवाले, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय." मी म्हणालो, "मी बाजूला झालो तर घोडीही होईल, आणि नवरदेव कुठे होतील ते सांगता येत नाही." तेव्हा मी घोडीच्या मानेआड वाकून लगाम धरावा, असा तोडगा मामांनी काढला. फटाक्यांनी बिथरणारे चारशे किलोंचे जनावर सांभाळत मी पाऊण तास तसाच वाकून चाललो. पहाटे पाचला उठून तिला खरारा करणारा, तिच्या खुरांतली माती उकरणारा, दिवसाला तीन-चार बादल्या पाणी पाजणारा माणूस म्हणजे त्या लग्नातला जणू अपशकुनच. मांडवाच्या दारात बायकांनी घोडीला ओवाळले. मला मात्र पंगत उठल्यावर मागच्या दाराने येण्याचा निरोप मिळाला. पंगत उठली तेव्हा श्रीखंड संपले होते.

आज सकाळी मालकांच्या मोबाइलवर फोटो आला. नवरदेव ऐटीत, घोडी देखणी, मधोमध मामा, आणि कडेला लगाम धरलेला माझा हात, मनगटापर्यंत. मालकांनी तो मोठा करून पाहिला आणि मलाच विचारले, "हा हात कोणाचा रे?"