‘साहेब, एट-के केबल आहे, सगळं चालतं!’ इति दुकानदार.

घंटा चालतं.

सहा महिने पैसे साठवून मॉनिटर घेतला. २७ इंच, २५६० बाय १४४० ठिपके, १६५ हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला १६५ वेळा बदलणार. राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला, म्हणजे डिलिव्हरीवाला मानपाड्याच्या सिग्नलला अडकून अर्धा म्हातारा होऊनच पोचतो, पण पोचला. खोक्यातली केबल वीतभर. पीसी टेबलाखाली, पलीकडच्या कोपऱ्यात. म्हणून जुन्या सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय केबल (टीव्हीला चित्र-आवाज नेणारी तीच) काढून लावली. चित्र आलं, मी खूश. दोन दिवसांनी कळलं की विंडोजने गुपचूप ६० हर्ट्झच लावून ठेवलंय. सेटिंगमध्ये जाऊन १४४ केलं, तर दर मिनिटाला स्क्रीन काळा. लोडशेडिंग परवडलं.

मग स्टेशनजवळचं दुकान. मी म्हटलं, १६५ हर्ट्झसाठी केबल हवी. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चहात मीठ मागितलंय. ‘फोर-के का एट-के, तेवढं सांगा.’ अरे, के म्हणजे ठिपके किती, ते गेलं खड्ड्यात, हर्ट्झ बोलतोय मी! पण नाही. सोनेरी टोकं, दोरीसारखं विणलेलं आवरण, पाकिटावर ‘२.१’ आणि ‘८के’. नऊशे रुपये. वर सल्ला, ‘पाच मीटर घ्या ना, लांब असलेली बरी.’ केबल आहे का कपडे वाळत घालायची दोरी? साध्या तांब्याच्या केबलमध्ये लांबी वाढली की सिग्नल पडतो, हे यांना सांगायचं कुणी?

आणि ते ‘२.१’ म्हणजे शुद्ध थाप. एचडीएमआयचे नियम ठरवणारेच सांगतात की केबलला आवृत्तीचा आकडा लावायचा नाही. केबलची नावं वेगळी: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड, अल्ट्रा हाय स्पीड. अल्ट्राच्या पाकिटावर स्कॅन करायचं लेबल असतं. माझ्या पाकिटावर लेबलच्या जागी किमतीचं स्टिकर. पोर्टचं, म्हणजे केबल खोचायच्या भोकाचं, तर त्याहून भारी. २०१७ साली २.१ आलं तेव्हापासून जुन्या २.० इतकीच ताकद असलेलं पोर्टही बिनदिक्कत २.१ म्हणवून घेऊ शकतं. असले नियम करणाऱ्यांना गर्दीच्या वेळी ठाण्याहून दादरला उभं राहून पाठवलं पाहिजे.

असो. नऊशेची केबल लावली. १४४ शांतपणे चाललं. १६५ यादीतच नाही! रात्री एक वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. २५६० गुणिले १४४० गुणिले १६५ गुणिले दर ठिपक्याला २४ बिट, म्हणजे सेकंदाला साधारण १४.६ अब्ज बिट. माझ्या मॉनिटरचं एचडीएमआय पोर्ट २.०. नावाला १८ गिगाबिट (म्हणजे अब्ज बिट), पण त्यातले खरे चित्राच्या वाट्याला १४.४. बसणारच नाही! सोन्याची केबल लावा नाहीतर सुतळी. एचडीएमआयच्या शेजारचं दुसरं पोर्ट, डिस्प्लेपोर्ट १.२, मात्र १७.२८ देतं, आणि ते २०१० सालचं आहे. खोक्यावर ‘१६५’ मुठीएवढं छापलंय. ‘फक्त डिस्प्लेपोर्टवर’ हे मॅन्युअलमध्ये मुंगीच्या अक्षरात.

दुसरं दुकान, नौपाडा. ‘डिस्प्लेपोर्ट केबल आहे?’ ‘आहे ना दादा.’ घरी येऊन पाकीट फोडलं, तर एका टोकाला डिस्प्लेपोर्ट, दुसऱ्या टोकाला एचडीएमआय. सरळ लावली तर मॉनिटरच्या त्याच एचडीएमआयची रड. उलटी लावली तर साफ मुकी, कारण ती एकाच दिशेने चालते. परत द्यायला गेलो तर, ‘पाकीट फोडलंत ना तुम्ही.’ मग काय वास घेऊन ओळखू? चूक माझीही आहे, दुकानातच दोन्ही टोकं बघायला हवी होती. पण मी ‘डिस्प्लेपोर्ट’ मागितलं होतं, अर्धं डिस्प्लेपोर्ट नाही.

शेवटी शनिवारी लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ठाण्याहून दादर, तिथे पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. तिथल्या माणसाने पहिल्यांदाच विचारलं, ‘रिझोल्युशन किती, हर्ट्झ किती?’ मला रडूच येणार होतं. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्ट, दोन मीटर. घरी येऊन लावली आणि १६५! माऊसचा बाण लोण्यातून फिरल्यासारखा.

त्या रात्री पीसी बंद केला. मदरबोर्डवरचा दिवा मंद जळतोच आहे. सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळा. केबल उपटली, लगेच सुरू. शोधलं तर कळलं, डिस्प्लेपोर्टच्या २० नंबरच्या पिनवर ३.३ व्होल्ट असतात, दोन्ही बाजूंना. म्हणूनच साध्या केबलमध्ये ती पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडायचीच नाही, असं ठरलेलं आहे. माझ्या केबलवाल्याने मोठ्या मनाने जोडलीय. म्हणजे मॉनिटर पीसीतल्या चित्र पाठवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात मागच्या दाराने वीज सोडतोय. पाकिटावर हे लिहिलंय का? नाही. ‘८के’ लिहिलंय.

सध्या रोज रात्री टेबलाखाली घुसून केबल उपटतो, सकाळी पीसी सुरू झाला की परत घुसून लावतो. आई विचारते, ‘काय रे, रोज खाली काय शोधतोस?’