उडती गाडी म्हणे 'लवकरच'!

पुन्हा तोच व्हिडिओ! हिरवंगार माळरान, हेल्मेट घातलेला एक सडपातळ गडी, घरघरणारे पंखे आणि खाली 'आता कुणालाही उडता येणार, नोंदणी सुरू'. अहो, किती वर्षं ऐकायचं हे? अमेरिकेतल्या मोल्टन टेलरची उडती गाडी 'एरोकार' १९४९ सालीच उडाली, १९५६ मध्ये तिला रीतसर मंजुरीही मिळाली. बनल्या किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या! पॉल मोलरची स्कायकार तर दशकानुदशकं 'येऊ घातलेली' होती. तरंगली तीही क्रेनच्या दोराला बांधून.

बरं, आताची बॅटरीवाली उडती गाडी 'जेटसन वन' घ्या. हवेत जेमतेम वीस मिनिटं, चालक ९५ किलोच्या आतला (म्हणजे मी बाद). सरळ वर उचलायलाच ढीगभर वीज लागते आणि बॅटरीत किलोमागे ऊर्जा पेट्रोलच्या पासंगालाही पुरत नाही, त्याला कोण काय करणार? अमेरिकेत अशा अल्ट्रालाइटला (म्हणजे अगदी हलक्या उडत्या यंत्राला) चालकाचा परवाना लागत नाही, हे ठळक अक्षरांत छापतात. पण ही सूट देणाऱ्या तिथल्या हवाई नियमांच्या 'भाग १०३'मध्येच दाट वस्तीवरून उडायला सक्त मनाई आहे, ते कोण सांगणार? मग ट्रॅफिकच्या डोक्यावरून ऑफिसला जायचं कसं, डोंबल?

डिपॉझिट मात्र आजच भरा म्हणे.