खुलासा: तालुक्या-तालुक्यात अणुभट्टी येणार नाही, सोलर पंपाचा अर्ज थांबवू नका

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतो आहे: "दर तालुक्याला छोटी अणुभट्टी, दोन वर्षांत शेतीला २४ तास फुकट वीज, सोलर पंपाचे पैसे भरू नका." सोमवारी तो मीही पुढे पाठवला. चूक झाली, माफ करा.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये आहेत आणि २०३३ पर्यंत देशी बनावटीच्या किमान पाच भट्ट्या सुरू करायचं उद्दिष्ट आहे. अख्ख्या देशात पाच. भाषणातला अणुऊर्जेचा परिच्छेद मी स्वतः वाचला. त्यात तालुकाही नाही, फुकट वीजही नाही.

घोटाळा 'लहान' या शब्दाने होतो. ३०० मेगावॉटपर्यंतच्या भट्टीलाही लहानच म्हणतात. भाग कारखान्यात बनवून जागेवर जोडायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. आत युरेनियमच्या अणूंचं विभाजन होतं, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. कोळसा जळत नाही, म्हणून धूर नाही. आभाळ भरून आलं तरी वीज चालू. चंद्रपूरकडे दोरीवरच्या कपड्यांवर राख पाहिलेल्या माणसाला याचं मोल कळतं. मला ही भट्टी हवीच आहे.

पण यंदाच्या हरभऱ्याला ती पाणी देणार नाही. रात्री दोनला लाईन येते म्हणून बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या दोन काकांनी हा मेसेज वाचून सोलर पंपाचा आपला १० टक्के हिस्सा भरायचा थांबवला होता. आज घरी जाऊन त्यांना समजावलं.

भाऊ, हा मेसेज पुढे पाठवू नका. तुमच्याकडून गेला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.