फुल्ल तिकीट

परवा एसटी बसमध्ये माझा जो जाहीर पंचनामा झाला त्याचा राग अजून गेलेला नाही. निमित्त भाचीच्या अकरावीच्या ऍडमिशनचं. 2025 पासून हे सगळं अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालंय, दहा कॉलेजांची पसंती मोबाईलवरून टाका, पण नाव लागलं की ओरिजिनल कागद घेऊन स्वतःच हजर व्हा. दाजी कामात, ताई म्हणाली तू रिकामाच आलायस ना, तू जा. (सुट्टी काढून आलो होतो, रिकामा नव्हतो, पण जाऊ दे.)

फाट्यावर गाडी मिळाली, भाची मैत्रिणींच्यात घुसली, मी दांडी धरून उभा. कंडक्टर मशीन घेऊन आला. पुढे बायका, त्यांना अर्धं तिकीट, मार्च 2023 पासून आहे ते. मागे पोरी, त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत पास फुकट. पोरांचा पास एक तृतीयांश पैशात. खिडकीशी टोपीवाले एक आजोबा, पंच्याहत्तरी ओलांडलेले, त्यांना शून्य रुपयाचं तिकीट, तेही त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. मग कंडक्टर माझ्यापुढे थांबला.

"तुमचं? ज्येष्ठ का?"

मी बेचाळीसचा आहे हो. केस गेलेत तो आमच्या घराण्याचा प्रश्न आहे. नाही म्हणालो तर आजोबांनीच माझी केस हातात घेतली.

"पत्रकार हायेत का तुम्ही? त्यान्लाबी फुकट असतंय."

"नाही."

"मग कुस्ती-बिस्ती? शिवछत्रपती पुरस्कारवाल्याला सवलत हाय." हे म्हणताना त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि स्वतःच मान हलवली. "हातपाय धड हायेत ना?"

"धड आहेत."

"म्हंजे तुम्ही कशातच बसत न्हाई?"

"नाही बसत."

आजोबा उठले, खरंच उठले, आणि गाडीकडे तोंड करून ओरडले, "आरं, ह्ये फुल्ल तिकीट हाय! सरका गं बायांनो, बसू द्या त्यांना, अख्ख्या गाडीचं डिझेल त्यांच्यावर हाय!"

सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. एका बाईने मांडीवरच्या पोराला बोट करून दाखवलं, ते बघ. सरकलं कोणीच नाही. भाचीने तेवढ्यात आपल्याला ओळख नाही असा चेहरा करून घेतला. मी म्हणालो, आजोबा, सवलतीचे पैसे सरकार भरतं महामंडळाला. तर म्हणाले, "त्ये येतील तवा येतील, रोकडा तुमचाच," आणि परत खिडकीशी बसले. म्हणजे जागा माझ्यासाठी मागितली आणि उठलेली स्वतःची पण दिली नाही.

पुढे गाडी समृद्धीच्या पुलाखालून गेली. वर गाड्या एकशेवीसने, खाली आमची खड्ड्यातून डुलत. आजोबा एकदम खूश. 701 किलोमीटर, नागपूर ते मुंबई आठ तासांत, सगळं पाठ. विचारलं, तुमचं नागपूरला काय काम? "माझं काय काम असणार? पण जाता येतंय ना." इथून वर चढायला रस्ता आहे का? "न्हाई, त्यो तिकडं लांब हाय."

आता हसू येतंय, कॉलेजात नव्हतं येत. भाचीचं कॉलेज बाराला सुटणार, गावाकडची गाडी साडेचारला. मधे सोळा वर्षांच्या पोरीने स्टँडवर बसून काय करायचं? क्लार्क म्हणाला, सगळ्या पोरी बसतात. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस पोरींसाठीच आहेत पण त्या मागास ठरवलेल्या 125 तालुक्यांत, आणि आमचा तालुका कागदावर पुढारलेला. 2024 पासून पास थेट शाळेत आणून देतात म्हणे, फार छान, पण पास घेऊन पोर चालत जाणार आहे का? कॉलेज लांबचं लागलं की गावात पहिलं वाक्य हेच, येणार-जाणार कशी, आणि दुसरं वाक्य लग्नाचं असतं. योजना काढणाऱ्याने एकदा दुपारी बारा ते साडेचार त्या स्टँडवर बसून बघावं, संडासाला कडी नाहीये तिथे.

आजोबा स्टँडवर परत भेटले, शेंगा खात होते. त्यांना घाई नाही, जायला-यायला पैसे पडत नाहीत. आम्हाला थांबणं शक्य नव्हतं म्हणून काळी-पिवळी धरली. भाचीने सवयीने पास काढला तर ड्रायव्हर म्हणाला, "ताई, इथं समदे फुल्ल. मामाच्या मांडीवर बसत असशील तर बघू."