चुन्याचा गवंडी राहून गेला

जुन्या वास्तूंच्या जतनाच्या क्षेत्रात यायचं तर आर्किटेक्चरची पदवी आणि मग दिल्ली-अहमदाबादला पदव्युत्तर शिक्षण, असं एका लेखात वाचलं. खरं आहे, पण अर्धंच. मी सिंदखेडराजाजवळच्या खेड्यातला. आमचे आबा चुन्याचे गवंडी. कळीचा चुना विरवून हौदात आठवडेच्या आठवडे मुरवायचे, मग वाळू न् विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून बैल जुंपलेल्या घाण्यात मळायचे. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा किती घालायचा, ते बोटांनाच ठाऊक. चिमूटभर चुना अंगठ्यावर घासून म्हणायचे, "अजून फिरू दे."

आबा थकल्यावर गावातल्या जुन्या वाड्याची भिंत सिमेंटनं लिंपली. दोन पावसाळ्यांत खार फुटला, आतल्या विटा पिठासारख्या हाताला लागू लागल्या. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, लोणारचं दैत्यसूदन मंदिर, वैनगंगेकाठची मार्कंड्याची मंदिरं, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट... विदर्भात कामाला तोटा नाही. नकाशा काढणारा हवाच, पण गिलावा करणारा कुठून आणणार? आयटीआयमध्ये चुनाकाम आणि दगडघडाई शिकवा, आणि शिकवायला हे म्हातारे गवंडी बोलवा, त्यांचे हात चालताहेत तोवर.