तेलाच्या टाकीवाला तो फॉरवर्ड, आणि त्यातल्या थापा

इंग्लंडातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, ज्यांच्या गावात गॅसची लाइन नाही आणि घर हीटिंग ऑइलवर तापतं अशा लोकांसाठी. म्हणणं थोडक्यात असं: टाकी म्हणजे साधं प्लास्टिकचं पिंप, आपली सिंटेक्स गच्चीवर 20 वर्षं उन्हात टिकते तर हीपण टिकेल, भेग पडली तर एम-सील लावा. बदलायचीच तर सिंगल स्किन, म्हणजे एकाच भिंतीची घ्या, ते 'बंडेड' (दुहेरी) वगैरे दुकानदारांचे धंदे. जुन्याच जागी ठेवताय तर कसले नियम नाहीत. घ्याल ती मोठ्यात मोठी घ्या. आणि 2026 ला ऑइल बॉयलरवर बंदी येतेय म्हणून खर्चच करू नका. मोठ्यात मोठी घ्या आणि घेऊच नका, दोन्ही एकाच मेसेजमध्ये! तरी लोक 'खूप उपयुक्त माहिती' म्हणून पुढे ढकलतायत.

सिंटेक्सचं आधी बघू. सिंटेक्समध्ये पाणी असतं हो, गळली तर गच्ची ओली होते, विषय संपला. इथे आत हीटिंग ऑइल, म्हणजे रॉकेलच असतं. उन्हाने प्लास्टिक वर्षानुवर्षं कडक होत जातं, रंग पांढरट पडतो, पोट सुटल्यासारखं फुगतं आणि मग तळाशी नाहीतर आउटलेटच्या आसपास केसासारखी चीर दिसायला लागते. अशी चीर दिसली की टाकी गेली असंच समजायचं. एम-सील पॉलिथिनला नीट धरतच नाही, वर बाहेरून ओला असलेला तेलकट भाग, त्यावर तर अजिबात नाही. चांगल्या टाक्यांना साधारण 10 वर्षांची वॉरंटी मिळते, त्यानंतर लगेच फुटते असं नाही, पण दर वर्षी बॉयलर सर्व्हिसला येणाऱ्या माणसाला टाकीभोवती एक चक्कर मारायला सांगा.

आता बंडेड, कारण खरा घोळ इथेच आहे. बंडेड म्हणजे टाकीच्या बाहेर दुसरी टाकी, बाहेरचीत आतल्या क्षमतेच्या 110 टक्के मावलं पाहिजे. आतली फुटली तर तेल दोघींच्या मधल्या जागेत राहतं, जमिनीत जात नाही. जमिनीत गेलं की काय होतं ते मेसेजवाल्याला माहीत नसावं. रॉकेल मातीतून घराच्या पायाखाली जातं, वास महिनोन्महिने जात नाही, आणि पाण्याचा पाइप प्लास्टिकचा असेल तर त्याच्या भिंतीतून आरपार झिरपून नळाच्या पाण्यात येतं. माती उकरून नेणं, जमीन फोडणं, हे सगळं हजारो पौंडांत जातं. तुमच्या विम्यात तेलगळती कव्हर आहे का आणि किती, हे पॉलिसी उघडून बघाच. सिंगल स्किन आणि बंडेडच्या खर्चातला फरक फक्त टाकीच्या किमतीपुरताच असतो, कारण खालचा बेस, फायर व्हॉल्व्ह (आग लागली तर तेल बंद करणारा) आणि मजुरी दोन्हीला लागतेच.

आणि हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाहीये. जवळ ओढा-नाला 10 मीटरच्या आत असेल, विहीर, बोअर किंवा झरा 50 मीटरच्या आत असेल, टाकी 2500 लिटरच्या वर असेल, सांडलेलं तेल उघड्या गटारात जाऊ शकत असेल, किंवा तेल भरताना व्हेंट पाइपचं (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तोंड भरणाऱ्याला दिसत नसेल, तर बंडेड लागतेच. गावातली किती घरं यातून सुटतील सांगा बघू. तसं बंडेड घेतली म्हणून डोळे मिटायचे नाहीत, मधल्या जागेत अधूनमधून काठी घालून बघायचं, पाणी किंवा तेल साठलंय का.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाही आणि दुकानदारपण कधीकधी सांगत नाही. बऱ्याच बंडेड टाक्यांत तेल वरून ओढून घ्यावं लागतं. बॉयलरला पंप असतो, मध्ये डिएरेटर (तेलातली हवा काढणारा) बसवला की काम होतं. पण स्वयंपाकघरात जुनी रेबर्न किंवा आगा कंपनीची तेलावरची शेगडी असेल, व्हेपरायझिंग बर्नरवाली (तेलाची वाफ करून जाळणारी), तर तिला पंप नसतो, तेल आपोआप उतारानेच आलं पाहिजे. मग खालून आउटलेट असलेली बंडेड मागायची, आणि तीही पुरेशा उंचीवर.

'जुन्या जागी नियम नाही' हे तर साफ खोटं. बदललेल्या टाकीलाही बिल्डिंग रेग्युलेशन्स लागतात. एकतर ऑफटेकचा (तेलाच्या हीटिंगचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणीकृत माणूस स्वतः सर्टिफाय करतो नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवायचं. घराच्या दारंखिडक्यांपासून 1.8 मीटर, हद्दीच्या कुंपणापासून 760 मिलिमीटर, जमत नसेल तर मध्ये आगरोधक भिंत. रॉकेल सहजासहजी पेटत नाही हे खरंय, पण नियम टाकीमुळे घर पेटेल म्हणून नाही, घर पेटलं तर टाकी वाचावी म्हणून आहे. आणि जुन्या जागेची गंमत ऐका: आमच्या गल्लीत अजून लोखंडी टाक्या विटांच्या खांबांवर उभ्या आहेत. लोखंडाला ते चालतं, प्लास्टिकला अख्ख्या तळाखाली सपाट आधार लागतो, दोन खांबांमध्ये ती बसून जाते आणि तिथेच फाटते. म्हणजे बेस नवीन करा, काँक्रीटचा किंवा किमान 42 मिलिमीटर जाडीच्या फरशांचा, टाकीच्या चारी बाजूंनी 300 मिलिमीटर बाहेर येणारा.

मोठ्यात मोठी? 3500 लिटरच्या वर गेलात की प्लॅनिंगची परवानगी आणि वेगळे कायदे मागे लागतात. मार्च 2022 मध्ये लिटरमागे भाव पौंडाच्या वर गेला तेव्हापासून सगळ्यांना साठा करायचाय, समजू शकतो, पण टँकरवाले साधारण 500 लिटरच्या खाली येत नाहीत, थोडं तेल शिल्लक असतानाही तेवढं मावेल एवढी टाकी बहुतेक घरांना पुरते.

राहिली बंदी. 2026 चा तो प्रस्ताव 2035 वर ढकलल्याचं ऋषी सुनक यांनी सप्टेंबर 2023 मध्येच जाहीर केलं होतं. हीट पंपचा खरंच विचार असेल तर टाकीची ऑर्डर द्यायच्या आधी त्याचं कोटेशन घ्या, इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी सरकारी ग्रँट आहे. पण गळकी टाकी तोवर भरलेली ठेवायची नाही, तेल काढून घ्यायला लावा, आणि ते नव्या टाकीत टाकणार असाल तर तळाचं पाणी आणि गाळ मागेच सोडायला सांगा.