लोक बेफिकीर झाले, असे म्हणण्याआधी

संकट लांबले की लोक बेफिकीर होतात, हे वाक्य कोरोनाच्या काळात सोलापुरात इतक्या वेळा ऐकले की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली. मला ते अन्यायकारक वाटते.

22 मार्च 2020 रोजी जनता कर्फ्यू पाळला गेला, तेव्हा साऱ्या देशात पाचशेही रुग्ण नव्हते, तरीही आपल्याकडे रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पुढच्या वर्षी 17 एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढा पोटनिवडणुकीचे मतदान झाले. त्या सुमारास देशात रोज दोन लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदवले जात होते आणि तरीही आधीचे दिवस प्रचाराच्या गर्दीत गेले होते.

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी 1987 साली मांडले होते की, सामान्य माणूस धोका केवळ मृतांच्या आकड्यावरून जोखत नाही. धोका किती अनोळखी, किती भयावह आणि किती हाताबाहेरचा वाटतो, यावर भीती ठरते. संकट लांबले की त्यातला अनोळखीपणा सरतो.

पूर्व भागातल्या एका गल्लीच्या तोंडाशी बांधलेले बांबू मला आठवतात. सुरुवातीला त्यांच्याजवळ कोणी फिरकत नसे. काही आठवड्यांनी खालचा बांबू सरकवून सायकल निघेल एवढी वाट झाली होती. कारखाने उघडल्यावर वळलेल्या बिड्या जमा करून नवी पाने आणि तंबाखू आणायला बायका त्याच वाटेने निघत. ज्यांची मजुरी हजार बिड्यांवर मोजली जाते, त्यांच्यासमोर आजाराबरोबर उपासमारही उभी होती, आणि ती अधिक खात्रीची होती. त्यांचा हा हिशेब चुकीचा ठरवण्याचा अधिकार घरी बसून पगार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही.

आज हेच पाण्याबाबत घडते आहे. काही दिवसांआड येणारे पाणी साठवणे शहराच्या इतके अंगवळणी पडले आहे की उघड्या बॅरलमध्ये धोका दिसतच नाही. डेंग्यूचा एडिस डास मात्र अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आपण सांगतो. परंतु पुढचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसलेली बाई भरलेले बॅरल ओतून देणार कशी? महापालिकेने नळाचा दिवस आधी पक्का कळवावा आणि कोरडा दिवस त्याच्या आदल्या दिवशी ठेवावा. मग तळाशी उरलेले पाणी टाकून ती ते बॅरल स्वतःहून घासून ठेवील.